सातव्या तुकड्याचं वजन

समोरच्या बशीतला शेवटचा तुकडा माणूस उचलत नाही, या एका गोष्टीवर सगळी संस्कृती उभी आहे. बाकीचे प्राणी उचलतात. म्हणूनच त्यांच्यात समित्या, बैठका आणि लग्नाची बोलणी आढळत नाहीत.

प्रस्तुत तुकडा बीटचा होता. वजन अंदाजे अठरा ग्रॅम. हा अंदाज वजनमापं खात्यातल्या एका ज्येष्ठ निरीक्षकांचा असल्यामुळे त्याला अंदाज म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, पण त्या दिवशी त्यांच्याजवळ काटा नव्हता, त्यामुळे इलाज नाही.

निरीक्षकांची नोकरी एकतीस वर्षांची. या काळात त्यांनी चार हजारांवर तराजू तपासले, सहाशे बारा जप्त केले, आणि न्यायालयाच्या आवारातल्या पुतळ्याच्या हातातला तराजू डावीकडे झुकलेला आहे असा एक अहवालही वर पाठवला. (पुतळा अजून आहे. अहवालही आहे. दोन्हींवर धूळ आहे.) इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे निरीक्षक साबणाच्या डबीएवढा वजनकाटा ठेवत. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा, आणि दरवर्षी न चुकता पडताळणीचा शिक्का मारून घेतलेला. घरात आलेली प्रत्येक वस्तू आधी त्या काट्यावर जाई आणि मग फडताळात.

या काट्यानं त्यांच्या मुलीचं एक लग्न मोडलं होतं. म्हणजे काटा निर्दोष होता, पेढीवरून आलेला मिठाईचा पुडा दोषी होता. पहिल्या स्थळाकडची मंडळी घरी आली तेव्हा त्यांनी पुडा पुढे केला. पुड्यावर पाचशे ग्रॅम छापलेलं होतं. निरीक्षकांनी "कशाला हो एवढं" असं म्हणत तो हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला. काट्यावर तो चारशे बासष्ट भरला, तोही खोक्यासकट. निरीक्षकांनी जागच्या जागी पंचनामा केला. पंच म्हणून नवऱ्या मुलाची सही घेतली, कारण जवळपास तोच एक त्रयस्थ वाटला. पेढी नवऱ्या मुलाच्या काकांची होती, हे नंतर कळलं. त्या मुलाची त्या घरात झालेली ती पहिली आणि शेवटची सही.

त्यानंतर मुलगी वडलांशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच, "बाबा, तुमचं बरोबर होतं. पण तुमचं नेहमीच बरोबर असतं, त्याचं मी काय करू?" निरीक्षकांना हे वाक्य कुठे नोंदवावं ते कळलं नाही, त्यामुळे ते त्यांच्या छातीतच राहिलं.

या वेळी मुलीनं स्वतःच जमवलं होतं. ती भूलतज्ज्ञ होती. मुलगा दंतवैद्य होता. दोघांची ओळख एका तोंड उघडं असलेल्या रुग्णाच्या दोन बाजूंना उभं असताना झाली. मुलाचे वडील आगगाडीचे निवृत्त गार्ड, आई निवृत्त मुख्याध्यापिका. होकार द्यायचा की नाही हे मुख्याध्यापिकाबाई ठरवणार होत्या, कारण त्या घरात सगळंच त्या ठरवत, आणि गार्डसाहेब त्यावर हिरवा झेंडा दाखवत. बाईंनी आधीच कळवलं होतं, "सगळे मिळून एकदा जेवू. जेवण नीट पार पडलं, की तिथेच सांगेन." त्याच संध्याकाळी त्या थोरल्या लेकीकडे बाळंतपणासाठी सहा महिने निघणार होत्या. म्हणजे उत्तर त्या जेवणात, नाहीतर सहा महिन्यांनी. आणि सहा महिन्यांत निरीक्षक काय काय मोजतील याची मुलीला पुरेपूर कल्पना होती.

जागा दंतवैद्यानं निवडली. उपाहारगृह फ्रेंच होतं, वनस्पतिकेंद्री होतं आणि लहान बशांचं होतं. तिन्ही गोष्टी दारावरच्या पाटीवर लिहिलेल्या होत्या, म्हणजे आत गेल्यावर तक्रारीला जागा नाही. दारातच मुलीनं तळहात पुढे केला.

"बाबा, काटा."

"अगं, नुसता खिशात राहू दे."

"काटा."

निरीक्षकांनी काटा दिला. तिनं तो पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. त्रास सुरू होण्याआधीच माणसाला गप्प करायचं, हे तिचं शिक्षणच होतं.

"आणि आज काहीही मोजायचं नाही. वचन?"

"वचन."

(मनातल्या मनात मोजण्याबद्दल वचनात काही म्हटलेलं नव्हतं. ही पळवाट निरीक्षकांना तत्काळ दिसली. एकतीस वर्षं दुकानदार त्यांना अशाच पळवाटा दाखवत आले होते.)

मुलीच्या आईची वेगळी सूचना होती. ती तिनं खुर्चीवर बसता बसता नवऱ्याच्या कानात सांगितली. "अहो, शेवटचा तुकडा उचलायचा नाही. हावरट दिसतं." टेबलाच्या पलीकडे नेमकी हीच सूचना मुख्याध्यापिकाबाईंनी घरून निघतानाच दिलेली होती, आणि वर असंही सांगितलं होतं, की शेवटचा तुकडा समोरच्यांपैकी कोण उचलतं तिकडे माझं लक्ष असेल. (हे पुढे दंतवैद्यानं सांगितलं. तोवर उपयोग संपला होता.)

आता लहान बशांच्या पद्धतीविषयी थोडं. या पद्धतीचा गौरव करावा तेवढा थोडा आहे. जुन्या पद्धतीत माणूस जेवायला बसे, पोट भरे, आणि उठे. त्यात विचाराला वावच नव्हता. नव्या पद्धतीत बशी मध्ये ठेवतात आणि सगळ्यांनी वाटून खायचं असतं, त्यामुळे प्रत्येक घासागणिक आपल्या नातेसंबंधांचा विचार होतो. लहान बशी याचा अर्थ बशी लहान असते असा नाही. बशी परातीएवढी असते. लहान असतं ते तिच्यावरचं. निरीक्षकांच्या नजरेच्या हिशेबानं बशीचं वजन चौदाशे ग्रॅम आणि पदार्थाचं एकशे सव्वीस, म्हणजे टेबलापर्यंत जे वाहून आणलं जातं त्यातलं सुमारे ब्याण्णव टक्के परत नेण्यासाठीच असतं.

पदार्थांची यादी गाजराच्या सालींपासून केलेल्या कागदावर होती. एकूण नऊ बशा. पहिली, 'बीट, आपल्या मातीच्या आठवणीत'. दुसरी, 'फ्लॉवर, दोनदा भाजलेला'. तिसरी, 'गाजराची पानं' (गाजर नाही. गाजर सातव्या बशीत होतं. मधल्या काळात दोघांची भेट होऊ दिली जात नाही). पाचवी, 'कांदा, सहा तास'. कांद्याचं सहा तास नेमकं काय केलं हे लिहिलेलं नव्हतं, पण काहीतरी केलं होतं. नववी, 'नासपती आणि शांतता'.

वाढायला जो गृहस्थ आला त्याला तिथे निवेदक म्हणत. करडी दाढी, करडा एप्रन, आणि समाचाराला आल्यावर लावतात तसा आवाज. त्यानं बीटची बशी ठेवली आणि चार मिनिटं बीटविषयी सांगितलं. बीट कुठे वाढलं, त्याच्या डाव्या बाजूला कोणतं झाड होतं, ते उपटलं त्या सकाळी हवा कशी होती. गार्डसाहेबांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. बारा अडतीस.

"इथले दोन नियम आहेत," निवेदक शेवटी म्हणाला. "प्रत्येक बशीत सात तुकडे असतात. सम संख्येनं डोळा स्थिरावतो, आणि स्थिरावलेल्या डोळ्याला चव कळत नाही, असं आमचे शेफ मानतात. आणि एक बशी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी येत नाही."

"का बरं?" मुलीच्या आईनं विचारलं.

"भाज्यांनी एकमेकींना पाहू नये."

यावर सगळ्यांनी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्यात दोन्ही घराणी तोलामोलाची निघाली, आणि मुलीला जरा हायसं वाटलं.

माणसं सहा. तुकडे सात. सहा तुकडे अकरा सेकंदांत संपले. पदार्थ इतका मऊ होता की चावायचं कामच पडलं नाही, आणि दंतवैद्याच्या चेहऱ्यावर व्यवसायाच्या भवितव्याची काळजी क्षणभर दिसून गेली. सातवा तुकडा बशीच्या मधोमध राहिला.

"तुम्ही घ्या ना," मुलीची आई म्हणाली.

"छे, छे. माझं झालं. तुम्हीच घ्या," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"काका, तुम्ही घ्या," दंतवैद्य म्हणाला.

"मला बीट चालतं, पण एकच," निरीक्षक म्हणाले. हे खोटं होतं. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त चहा होता, कारण घरून "तिथे भरपूर असेल" असं सांगून त्यांना उपाशी आणलं होतं.

पुढच्या तेवीस मिनिटांत "तुम्ही घ्या ना" हे वाक्य एकेचाळीस वेळा बोललं गेलं. पैकी मुलीच्या बाजूनं एकवीस आणि मुलाच्या बाजूनं वीस, म्हणजे सभ्यतेत मुलीकडची बाजू एकानं पुढे होती. निवेदक तीनदा येऊन बशीकडे पाहून गेला. "बशी अजून चालू आहे," असं तो प्रत्येक वेळी हळुवारपणे म्हणाला. शेजारच्या टेबलावर एक बाई एकटीच जेवत होती, तिची सहावी बशी चालू होती. ती सातही तुकडे बिनदिक्कत खात होती. तिच्याकडे दोन्ही घराण्यांनी एकाच वेळी दयेनं पाहिलं.

एक वाजून दोन मिनिटांनी गार्डसाहेबांचा हात, मालकाला न विचारता, बशीकडे निघाला. काटाचमचा तुकड्याला लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी नुसतं पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात गार्डसाहेबांनी असा लाल दिवा अनेकदा पाहिला होता. पण गाडी फलाट सोडून निघाली होती, आता मागे नेता येत नव्हती. त्यांनी प्रसंगावधान राखून तुकडा सुरीनं मधोमध कापला.

"अर्धाच घेतो," ते म्हणाले.

टेबलावर सुटकेचा निःश्वास ऐकू आला. तुकडा उचललाही गेला होता आणि शिल्लकही होता. शेवटचा तुकडा कुणीच खाल्ला नव्हता. या तोडग्यात काय चूक आहे ते त्या क्षणी सहापैकी एकाच माणसाच्या लक्षात आलं, आणि त्या माणसानं मोजायचं नाही असं वचन दिलेलं होतं.

"मग अर्ध्यातला अर्धा मी घेते," मुलीची आई म्हणाली. मन राखायला.

"त्यातला अर्धा मला," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मोठेपणा दाखवायला.

मग दंतवैद्य. मग मुलगी. मग, सगळे बघताहेत म्हणून, निरीक्षक. प्रत्येक वेळी अर्धं करण्याआधी आग्रह, नकार, पुन्हा आग्रह आणि "बरं, अगदी थोडं" हा क्रम पाळला गेला, त्यामुळे एका फेरीला साधारण सात मिनिटं लागली. निरीक्षकांच्या डोक्यात आकडे आपोआप पडत होते. नऊ. साडेचार. सव्वादोन. एक आणि थोडं. अर्ध्याहून किंचित जास्त. शून्य पूर्णांक अठ्ठावीस. सुरीची धार आता तुकड्यापेक्षा जाड होती.

एक पंचेचाळीसला निवेदक आला. तो बराच वेळ बशीवर वाकून उभा राहिला.

"बशी अजून चालू आहे," तो म्हणाला.

"अहो, काय राहिलंय तिच्यात?" मुलीच्या आईचा आवाज चढला.

"मी आत विचारून येतो."

तो आत गेला आणि परत आला. "शेफ म्हणतात, बीट अजून आहे. आणि एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकघर बरोबर तीनला बंद होतं."

आता आकडेमोड कुणालाही करता येण्यासारखी होती. एका बशीला सव्वा तास. बशा आठ शिल्लक. उरलेला वेळ जेमतेम एका बशीचा. मुख्याध्यापिकाबाई घड्याळाकडे पाहू लागल्या. त्यांचे ओठ एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि वर्गात असे ओठ बसले की पुढे काय होत असे ते त्यांच्या मुलाला पाठ होतं.

"जेवण काही आज होणार नाही असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "हरकत नाही. मी आल्यावर, सहा महिन्यांनी, बोलू."

निरीक्षकांनी मुलीकडे पाहिलं. ती बशीतल्या त्या लाल ठिपक्याकडे एकटक बघत होती, आणि तिचे डोळे भरत आले होते. लहानपणी तिला आणि तिच्या भावाला एकच सफरचंद मिळे तेव्हा निरीक्षक ते कापून दोन्ही फोडी काट्यावर ठेवत, आणि जड फोडीची कड कापून स्वतःच्या तोंडात टाकत. भाऊ भांडायचा. ती कधी भांडली नाही. "बाबांनी मोजलंय," एवढंच म्हणायची आणि फोड घेऊन खेळायला जायची. निरीक्षकांना एकदम ते आठवलं. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला, कारण तो रिकाम्या खिशाकडे जात होता.

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"बाबा," मुलगी म्हणाली. तिनं काटा टेबलावर ठेवला. "मोजा."

"वचन दिलंय मी."

"मी परत घेते. मोजा."

निरीक्षकांनी चष्मा पुसला. काटा टेबलाच्या सपाट भागावर ठेवला, शून्यावर आणला आणि सुरीच्या टोकानं बीटचा तो कण त्यावर उतरवला. मग ते उभे राहिले, कारण खात्याचा नियम बसून सांगायची त्यांना सवय नव्हती.

"शून्य पूर्णांक तीन ग्रॅम," ते म्हणाले. "म्हणजे वस्तू अस्तित्वात आहे. शेफचं म्हणणं बरोबर आहे. पण ज्या वस्तूचं वजन पडताळलेल्या काट्यावर शून्य येतं, ती वस्तू कायद्यानं नसते. असंच अर्धं करत गेलो तर ती नाहीशी होईल. आणि कुणीही शेवटचा तुकडा उचललेला नसेल."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा नाकावरून खाली घेतला.

"काट्यावर शिक्का आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"चालू वर्षाचा?"

एकतीस वर्षांत निरीक्षकांनी हा प्रश्न हजारो माणसांना विचारला होता. त्यांना तो एकानंही विचारला नव्हता. त्यांनी काटा उलटा करून शिक्का दाखवला. बाईंनी तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"ठीक," त्या म्हणाल्या. "करा अर्धं."

पण करणार कोण? सुरी निरुपयोगी होती. दंतवैद्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक बारीक अवजार काढलं (तोही अवजार खिशात घेऊन हिंडणाराच निघाला, आणि निरीक्षकांना त्याच्याविषयी प्रथमच आपुलकी वाटली). आयुष्यभर त्यानं अडचणीच्या जागीच काम केलं होतं. त्यानं कण अलगद दुभागला आणि आपला वाटा खाल्ला. काटा म्हणाला शून्य पूर्णांक एक. मग तेच अवजार मुलीनं घेतलं. तिनंही दुभागला, खाल्ला. काटा तरीही शून्य पूर्णांक एकच म्हणत राहिला.

"असं कसं?" गार्डसाहेब कळवळून म्हणाले.

"काटा जवळच्या आकड्याकडे झुकतो," निरीक्षक म्हणाले. "नियमानुसार. अजून एकदा लागेल."

"द्या इकडे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्यांनी कितीतरी वर्षं परीक्षेत अर्धा गुण द्यायचा की नाही यावर रात्री जागवल्या होत्या, त्यामुळे अर्ध्याचं अर्धं त्यांना परकं नव्हतं. त्यांनी कण दुभागला. वाटा जिभेवर ठेवला. काट्यावर शून्य आलं.

सहाही माणसं वाकून त्या शून्याकडे पाहत होती. शेजारच्या टेबलावरची बाईसुद्धा.

निवेदकाला मात्र हे तोंडी चालेना. आत दाखवायला काहीतरी लागेल, असं तो म्हणाला. तेव्हा निरीक्षकांनी कागदी रुमालावर पुढील मजकूर लिहून दिला:

'प्रमाणित करण्यात येते की, सदर बशीतील बीट नावाची वस्तू आज दुपारी एक वाजून छप्पन्न मिनिटांनी, पडताळणी झालेल्या काट्यावर तपासली असता, आढळून आली नाही. सदर वस्तू कोणी संपवली याबाबत कोणावरही ठपका ठेवता येत नाही. बशी रिकामी समजण्यात यावी.'

खाली त्यांची सही. पंच म्हणून गार्डसाहेबांची. दुसऱ्या पंचाच्या जागेवर दंतवैद्यानं पेन टेकवलं तेव्हा निरीक्षकांच्या बायकोनं डोळे मिटून घेतले, कारण मागच्या वेळी इथेच सगळं बिघडलं होतं. दंतवैद्यानं सही केली, खाली तारीख टाकली, आणि रुमाल नीट घडी करून निवेदकाच्या हातात दिला. बशी गेली. ती जाताना गार्डसाहेब उभे राहिले.

पुढच्या आठ बशांसाठी कायमची कार्यपद्धती आखण्यात आली. फ्लॉवरचा सातवा तुकडा निरीक्षकांनी काट्यावर सहा भागांत वाटला, प्रत्येकी तीन ग्रॅम. पण सहा भागांतही शेवटचा भाग कुणाचा तरी होणारच, अशी शंका मुलीच्या आईनं काढली. ती रास्त होती. त्यावर गार्डसाहेब म्हणाले, "एकदम उचलायचं." त्यांनी हिरवा रुमाल वर केला. सहा हात सहा भागांवर सज्ज झाले. रुमाल खाली आला. सहा तोंडं एकाच वेळी मिटली. शेवटचा असा कुणी उरलाच नाही.

या पद्धतीनं एका बशीला आठ मिनिटं लागली. पैकी चार निवेदकाची. पाचव्या बशीपासून मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला "मुद्द्याचं बोला" असं सांगितलं आणि वेळ आणखी वाचला. गाजर आलं तेव्हा गाजराची पानं केव्हाच पोटात गेली होती. त्यांची तिथे भेट झाली असावी.

दोन छप्पन्नला नासपती संपली. शांतता त्याआधीच संपली होती, कारण गार्डसाहेब आणि निरीक्षक फलाटावरच्या मालाच्या वजनाविषयी तावातावानं बोलत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी तोंड पुसलं.

"मी जेवणाआधी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या, "शेवटचा तुकडा कोण उचलतं ते बघायचं. ते काही कळलं नाही. पण मोजून देणारी माणसं आहेत हे कळलं. आमच्याकडून होकार आहे." मग निरीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "पोट भरलं ना, साहेब?"

नऊ बशा, त्रेसष्ट तुकडे, सरासरी अठरा ग्रॅम, माणसं सहा. प्रत्येकी एकशे एकोणनव्वद ग्रॅम. आकडा निरीक्षकांच्या जिभेवर आला. मुलगी श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत होती.

"भरलं," निरीक्षक म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी दडवलेलं हे पहिलं माप. मुलीनं टेबलाखालून त्यांचा हात धरला आणि जोरात दाबला. मग काटा उचलून त्यांच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवला.

लग्न झालं. दोघांचा संसार नेटका चालला आहे. मध्ये एकदा निरीक्षक मुलीकडे गेले असताना पाणी घ्यायला त्यांनी फ्रिज उघडला. आत पुढील वस्तू आढळल्या: तळाशी एक घोट दूध असलेली बाटली, एक. कडेला बोटभर जॅम असलेली बरणी, एक. अर्धा उकडलेला बटाटा असलेला डबा, एक. पाव चमचा दही असलेलं पातेलं, झाकणासह, एक. मुलीनं जावयाकडे पाहिलं. जावयानं मुलीकडे पाहिलं. "मी तिच्यासाठी ठेवलं होतं," तो म्हणाला. "मी त्याच्यासाठी," ती म्हणाली. निरीक्षकांच्या लक्षात आलं, की हे सभ्यतेचं माप नाही. हे भांडं कुणी घासायचं याचं माप आहे. त्यांनी फ्रिज बंद केला आणि कसलीही नोंद केली नाही. नातेवाइकांच्या बाबतीत ते आता बरेच सैल झाले आहेत.

तुमच्या बाबतीत मात्र तसं नाही. तुमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला, झाकण लावलेला एक डबा आहे. तो कुणी ठेवला हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तुम्ही आत्ता हसलात. घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते माहीत आहे. आज सकाळी त्यानं तो डबा उघडला, आत पाहिलं, त्यातलं अर्धं खाल्लं, आणि झाकण पुन्हा लावून ठेवलं.